आईला आणायला गेलो होतो

म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलांच्या शहरात येऊन राहावं, असं माझं पक्कं मत होतं. नातेवाइकांत, मित्रांत, सोसायटीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की मी तावातावानं बोलायचो. पुण्यात मोठे दवाखाने आहेत, लिफ्ट आहे, फाटकावर पहारेकरी आहे. मग गावात एकट्यानं दिवस काढण्यात काय शहाणपण, असा माझा सवाल असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे नीट सांगावंसं वाटतं, कारण माझ्या वयाच्या कितीतरी मराठी घरांत हाच वाद चालू आहे. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रातली साठी ओलांडलेली माणसं सुमारे 10 टक्के होती. तो आकडा वाढतोच आहे, आणि त्यांची मुलं पुणे, बंगळूर, टोरांटो अशी पांगली आहेत.

माझी आई बुटीबोरीला राहते. नागपूरहून वर्धा रोडनं दक्षिणेला निघालं की साधारण तीस किलोमीटरवर हे गाव लागतं. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 सरळ पुढे जातो आणि वर्धा-यवतमाळचा रस्ता इथून फुटतो. एमआयडीसी आली, इंडोरामासारखे मोठे कारखाने उभे राहिले आणि आसपासच्या तालुक्यांतून माणसं कामाला आली. बाबा त्यांतलेच. एका कारखान्यात पाळ्या करून त्यांनी ले-आउटमध्ये प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, पुढे जमेल तशा वाढवल्या. बाबा गेल्यावर आई त्याच घरात राहिली. तिची पंचाहत्तरी उलटली, गुडघे दुखायला लागले, साखर वाढली, आणि माझा आग्रहही वाढत गेला. दर फोनला शेवटचं वाक्य ठरलेलं: "आई, आता इकडं ये."

ती नाही म्हणायची नाही. "येईन ना बाप्पा, थंडी सरू दे," म्हणायची. थंडी सरली की ऊन, ऊन सरलं की पाऊस. या टाळाटाळीमागे घराची ओढ असेल असं मी समजत होतो. एकदा माझ्या बायकोनं तिला सरळ विचारलं, तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं. तिला लघवीला वारंवार जावं लागतं. प्रवास ठरला की ती आदल्या दिवसापासून पाणी तोडते.

हे ऐकल्यावर मला सगळ्या सवलती वेगळ्या दिसायला लागल्या. एसटीत पंचाहत्तरीपुढच्या माणसांना 26 ऑगस्ट 2022 पासून तिकीट नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि आईसारख्या असंख्य बायकांनी तिचा लाभ घेतला आहे. पण लांबच्या बसमध्ये संडास नसतो, आणि ढाब्यावरच्या संडासात गुडघे न वाकणाऱ्या बाईला बसता येत नाही. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट-सवलत मार्च 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. तरी पैशाची अडचण आम्हाला नव्हती. अडचण रात्री हलत्या डब्यातून संडासापर्यंत जाण्याची होती. ऑगस्ट 2025 पासून अजनी ते पुणे वंदे भारत धावते, ती दिवसाची गाडी आहे, वर्ध्यालाही थांबते. पण तब्बल बारा तास खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसायचं म्हटलं की तिचे पाय सुजणार. खासगी रात्रबसचं तर नावच काढायचं नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ जळाली आणि 25 माणसं गेली. नागपूर भागातल्या आयांनी ती बातमी विसरलेली नाही.

तेव्हा मला कॅरॅव्हॅन सुचली. माझ्या एका मित्राकडे ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली अशी गाडी आहे: आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौरपट्टी आणि मागच्या बाजूला दार लावून घेता येणारा कमोडचा संडास. आपल्याकडे ही गोष्ट अजून नवी आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. साधी ट्रॅव्हलर घेऊन गावच्या सुताराकडून तिच्यात पलंग ठोकून घेता येत नाहीत. अशा गाड्यांसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, आणि कारखान्यानं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. सरकारी धोरणात विचार आहे तो पर्यटकाचा: जिथं हॉटेल नाही अशा ठिकाणी मुक्काम कसा करता येईल. माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र होतं. आई पलंगावर निजली आहे, हवं तेव्हा उठते आहे, पाणी पिते आहे, आणि आम्ही तिला पुण्याला आणतो आहोत.

मित्रानं किल्ली देताना पहिलीच गोष्ट सांगितली ती या चित्राला छेद देणारी होती. गाडी चालू असताना पलंगावर कुणी निजायचं नाही. ताशी ऐंशीच्या वेगात ब्रेक लागला तर निजलेलं माणूस फेकलं जातं. प्रवास आसनावर, पट्टा लावूनच करायचा. पलंग गाडी उभी असतानाचा. मी मनात हिशेब केला: दर दीड-दोन तासांनी थांबू, तिला आडवं होऊ देऊ, वाटेत दोन मुक्काम करू. बेत कायम राहिला.

माघ संपत आला होता. पुण्याहून अहिल्यानगर, तिथून छत्रपती संभाजीनगर, सावंगीला समृद्धीवर चढलो. नागपूर ते आमणे हा 701 किलोमीटरचा रस्ता टप्प्याटप्प्यानं 2022 च्या डिसेंबरपासून 2025 च्या जूनपर्यंत खुला झाला. विदर्भातून पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या पिढीला या रस्त्यानं गाव जवळ आणून दिलं, हे मी कृतज्ञतेनं लिहितो. जालना मागे पडलं, जिजाऊंच्या सिंदखेडराजाची पाटी गेली, मेहकर, कारंजा लाड, धामणगाव अशा पाट्या येत गेल्या. दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. पण रस्ता एकसुरी आहे, डोळा लागतो. म्हणून एका दिवसात सगळं अंतर तोडायचा हट्ट आम्ही केला नाही. कारंज्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतात गाडी लावून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सेलडोहला समृद्धीवरून उतरलो आणि वर्धा रोडनं बुटीबोरी गाठली.

आमच्या गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबतात. गाडी जवळजवळ तीन मीटर उंच. शेजारच्या पोरांनी बांबूनं तार उचलून धरली तेव्हा ती घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाखाली उभी राहिली. आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली, दारातल्या उंच पायरीला हात लावून पाहिला, आत शिरायला बाबांचा जुना चौरंग मागवला. आतला संडास पाहून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे कोण्या बाईनं सुचवलं असन." मी निघायचा दिवस विचारला. ती म्हणाली, "आधी जेव तं खरं."

निघणं लांबत गेलं. तिची काही कामं होती, भिशी होती, डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख होती. मी लॅपटॉप घेऊन गाडीत बसून ऑफिसचं काम करायला लागलो. वर्क फ्रॉम होमची मुभा होती. गाडीच्या खिडकीतून आईचं अंगण दिसायचं. मोठेपणी मी त्या घरी दिवाळीत आणि लग्नकार्यात गेलो होतो. तेव्हा मी पाहुणा असायचो आणि आईचा सगळा दिवस माझ्याभोवती फिरायचा. सांभारवड्या, गोळाभात, कढी, आणि थकलेले पाय. या खेपेला माझी निजायची, चहाची, आंघोळीची सोय माझ्या गाडीत होती. आईला माझ्यासाठी काही करावं लागत नव्हतं. त्यामुळे तिचा रोजचा दिवस तसाच चालू राहिला आणि तो मला पहिल्यांदा पाहायला मिळाला.

पहाटे ती उठते, अंगणात सडा टाकते. वाकता येत नाही म्हणून लांब दांड्याचा झाडू वापरते. दूधवाला पोरगा दूध आत नेऊन गंजात ओततो, कारण त्याला ठाऊक आहे की तिच्या हातून भरलेला गंज उचलला जात नाही. समोरची शाळकरी मुलगी शाळेत जाता जाता तिच्या डोळ्यांत थेंब टाकते. बदल्यात संध्याकाळी आई तिचे पाढे घेते. औषधाच्या दुकानातला भाऊ तिच्या गोळ्यांचं पाकीट आधीच बांधून ठेवतो आणि साखरेची गोळी या महिन्यात लवकर का संपली म्हणून विचारतो. दुपारी तीन बायका ओसरीवर येतात, तांदूळ निवडतात, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नातवाचं बोलतात. सायंकाळी ती काठी घेऊन गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही प्रार्थना विदर्भाच्या गावोगावी होते. त्या बैठकीत आईची एक जागा आहे, आणि ती एक दिवस दिसली नाही तर कुणीतरी घरी येऊन जातं.

मी ज्याला एकटेपण म्हणत होतो ते हे होतं. माझ्या पुण्याच्या इमारतीत ती नवव्या मजल्यावर राहिली असती. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो, मुलगी कॉलेजला जाते. पहारेकरी फाटकावर असतो, नवव्या मजल्यावर नसतो. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांतल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. मोठा दवाखाना जवळ आहे हे खरं. पण आई पडली तर ते संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. बुटीबोरीत दूध आत आलं नाही एवढ्यावरून कळतं.

माझी बायको तेव्हा फोनवर जे म्हणाली तेही मला इथं लिहायला हवं. "तुम्ही आईंना आणणार म्हणता, म्हणजे त्यांची दुपार कोण सांभाळणार, ते बोललो का आपण?" बोललो नव्हतो. आपल्याकडे मुलगा आईला आणतो आणि सून तिचं करते. त्यात सुनेची नोकरी, सासूचा संकोच, दोघींचा अवघडलेपणा हे सगळं मुलाच्या पुण्याईच्या हिशेबात धरलं जात नाही. माझ्या आईला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकायलाही परवानगी घ्यावीशी वाटेल. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईचं ते म्हातारपण झालं असतं.

एका रात्री ओसरीवर बसून मी परत विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "तुले घर घेऊन इथवर येता येते ना? मंग मले कायले हलवून राह्यला? तू येत जाय."

त्या वाक्यानं माझा सगळा युक्तिवाद उलटा झाला. हलू शकतो तो मी. पाय माझे धड आहेत, काम माझं लॅपटॉपवर होतं, रस्ता माझ्यासाठी झाला आहे. तिचं सगळं बळ तिच्या ठरलेल्या पावलांत आहे: पलंगापासून मोरी किती, मोरीपासून तुळस किती, हे अंधारातही तिच्या पायांना ठाऊक आहे. नव्या घरात ते बळ पहिल्या दिवशी संपतं. मग मी तिला का हलवत होतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर माझी काळजी कमी व्हावी म्हणून. ती नजरेसमोर असली की मला रात्री झोप लागली असती. तिच्या सोयीचा प्रश्न मी माझ्या झोपेच्या बाजूनं सोडवत होतो.

मात्र गाडी नुसती उभी राहिली नाही. आईला फिरायची हौस आहे, तिला फक्त परतून आपल्या अंथरुणावर यायचं असतं. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी, असे आम्ही फिरलो. केळझरच्या सिद्धिविनायकाला गेलो. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे स्थान तिच्या घरापासून तासाभरावर, तरी बाबा गेल्यापासून तिनं पाहिलं नव्हतं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात बसलो. 1959 मध्ये विनोबांनी तिथं स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या एका वृद्ध भगिनीशी आई बराच वेळ सुताबद्दल, मातीबद्दल बोलत राहिली. सेवाग्रामला बापूकुटीच्या सारवलेल्या जमिनीवर हात फिरवून तिनं पाहिला. गांधीजी 1936 मध्ये या खेड्यात राहायला आले तेव्हा साठी ओलांडलेले होते.

या फिरण्यात मला जे दिसलं ते साधं होतं आणि तेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. आई रस्त्यात पाणी पीत होती. बाटली जवळ घेऊन, घोट घोट, न घाबरता. संडास चार पावलांवर आहे हे कळल्यावर तिनं चहाही मागितला, वर्ध्यात उसाचा रस हवा म्हणाली, मग साखर आठवून अर्ध्यावरच ग्लास ठेवला. म्हातारी माणसं प्रवासाला नको म्हणतात तेव्हा आपण त्यांची हौस संपली असं समजतो. कितीकदा तिथं फक्त एक स्वच्छ, उंच बैठकीचा, दार लागणारा संडास कमी असतो. पेट्रोल पंपांवर, बसस्थानकांवर, देवस्थानांत एवढी एक गोष्ट झाली तर हजारो आज्या घराबाहेर पडतील.

आपल्या परंपरेत या विषयाच्या दोन कथा आहेत. श्रावणबाळानं आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेलं. पुंडलिकाची वाट उलटी. कथेत तो काशीला निघालेला असतो, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात, तो यात्रा सोडून आईबापांच्या पायांशी परततो, आणि देवालाही विटेवर उभं राहायला लावतो. लहानपणापासून मला श्रावण मोठा वाटायचा, कारण त्याचे कष्ट दिसतात. आता पुंडलिक जवळचा वाटतो. पण श्रावणाला कमी लेखायचं कारण नाही; त्याच्या आईबापांनीच यात्रा मागितली होती.

आजच्या काळातही दोन्ही सापडतात. म्हैसूरच्या डी. कृष्णकुमार यांनी 2018 मध्ये नोकरी सोडून, वडिलांनी दिलेल्या जुन्या चेतक स्कूटरवर आईला मागे बसवून देश दाखवला, कारण संसारात अडकलेल्या त्या माउलीनं जवळची देवळंही पाहिली नव्हती. अमेरिकेत मिशिगनच्या नॉर्मा बाउअरश्मिट यांना 2015 मध्ये, नव्वदीत, कर्करोगाचं निदान झालं. त्यांनी उपचार नाकारले आणि मुलगा-सुनेच्या फिरत्या घरात बसून वर्षभर देश पाहिला. 2016 च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. या दोन्ही ठिकाणी मला सारखी दिसते ती गोष्ट अशी की निवड आईनं केली. माझ्या आईनंही निवड केली. ती मला ऐकायची होती, एवढंच.

सगळ्यांना हे लागू आहे असं मी म्हणणार नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाला गावात ठेवणं अनेकदा अशक्य असतं. शेजारच नसलेल्या ओसाड वाड्यात राहणाऱ्यांचं दुःख वेगळं आहे. आईचीही वेळ तशी येईल, तेव्हा आम्ही पुन्हा बसून ठरवू, आणि ठरवताना ती असेल. ज्यांच्या नोकरीत घरून काम होत नाही त्यांची ओढाताणही मला कळते. आणि कॅरॅव्हॅन प्रत्येकाला मिळेल असं नाही. तिच्या मैल्याची टाकी रिकामी करायला आपल्याकडे सोय जवळजवळ नाही. आम्ही ती घरच्या सेप्टिक टँकमध्ये सोडली. पण खरी गरज गाडीची नाही. स्वतःचं अंथरूण, स्वतःचा चहा आणि आईच्या वेळापत्रकाला धक्का न लावण्याचा निश्चय एवढं नेलं तरी चालतं. पुढच्या खेपेला मी रेल्वेनंच गेलो, बाजेवर निजलो, आणि काही अडलं नाही.

आता आमचं ठरलं आहे. मी दर ऋतूला जातो आणि पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा राहतो: उन्हाळ्याआधी कूलरच्या ताट्या बदलायला, पावसाआधी कौलं बघायला, थंडीत डॉक्टरांच्या तारखा उरकायला. संडासात पकडायला दांडा बसवला, उंबऱ्याशी उतार केला, दूधवाल्या पोराचा आणि औषधवाल्या भाऊंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. गाडी मिळाली तर आईला फिरवतो, आणि अंधार पडायच्या आत तिला तिच्या घरी आणतो.

तुमचे आईवडील गावी असतील तर त्यांना "तुम्ही कधी येता?" हे विचारणं थांबवा. "मी कधी येऊ, किती दिवस राहू आणि तुम्हाला कुठं जायचंय?" असं विचारा. जे उत्तर मिळेल त्याप्रमाणे रजा टाका.